खाजकुयलीचं वर्ष

पुष्पावती पुण्याहून लेकीचं बाळंतपण उरकून देवळाली प्रवऱ्याला परत आली, तेव्हा परसातली लिंबोणी नव्हती. पडलेली नव्हती, वाळलेली नव्हती, नव्हतीच. चौदा वर्षं जिथं झाड होतं तिथं वीतभर बुंधा उरला होता आणि त्यावर मुंग्यांची रांग लागली होती. फाल्गुनाचे दिवस. झाडाला लिंबं लगडलेली असणार, आणखी पंधरा दिवसांत उतरवायला आली असती. ऐन उन्हाळ्यात साऱ्या गल्लीला लिंबू दुर्मीळ व्हायचं तेव्हा हिच्या परसात पाट्या भरायच्या, कारण झाडाचं पाणी कधी तोडायचं आणि कधी सोडायचं हे तिला नेमकं कळत होतं.

पिशवी ओट्यावर टाकून ती तशीच मधल्या भिंतीपाशी गेली. भिंत छातीइतकी. पलीकडे धाकट्या दिराचं, अजिनाथचं घर. तो दारातली नवी पांढरी गाडी फडक्यानं पुसत होता.

"भाऊजी, लिंबोणी कुणी तोडली?"

"मीच तोडली. तुमच्या वाटेनं गाडी नेताना काटं लागत हुतं, वहिनी. दोन ओरखडं पडलं, ह्ये बघा."

"मग फांद्या छाटायच्या. बुंध्याला कशाला हात घातला?"

"फांद्या काय, परत येत्यात." त्यानं फडकं झटकलं. "आन् झाडच हाय वहिनी, मानूस न्हाई. दुसरं लावा. नर्सरीत ढीगभर रोपं हायती."

संध्याकाळी जाऊ भागूबाई लोणच्याची बरणी घेऊन आली. "तुमच्याच लिंबांचं हाय बाई, वाया कशाला घालवायची म्हणून घातलं. चाखून बघा," असं ती वर तोंड करून म्हणाली. पुष्पावतीनं बरणी घेतली, झाकण उघडून वास घेतला, आणि जाऊ गेल्यावर सगळं लोणचं बरणीसकट उकिरड्यात पुरलं.

तिला काय हवं होतं? फार काही नाही. "वहिनी, चुकलं," एवढे दोनच शब्द. नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती, आणि या आठ वर्षांत दिरानं तिच्या परसाची वाट स्वतःची समजून वापरली, नळाला पाइप लावून गाडी धुतली, तिनं एका शब्दानं कधी टोकलं नव्हतं. पण लिंबोणी तिनं बियापासून वाढवलेली. रोपाला दोन पानं होती तेव्हापासून. ते दोन शब्द तो म्हणाला असता तर तिनं बुंध्याला शेणमातीचा लेप लावून गोष्ट संपवली असती. तिनं आठ दिवस वाट पाहिली, पंधरा दिवस पाहिली. गुढीपाडव्याला अजिनाथ साखरेची गाठी द्यायला आला, बुंध्यावर पाय ठेवून चपलेची माती खरवडली आणि हसून निघून गेला. त्या दिवशी तिनं ठरवलं की आता हे दोन शब्द याच्या तोंडातून काढायचेच, मग त्यासाठी वर्ष लागलं तरी बेहत्तर.

भावकीत सांगून उपयोग नव्हता. झाडावरून कुणी भांडतं का, म्हणून सगळ्यांनी तिलाच समजावलं असतं. शिव्या द्याव्यात तर अजिनाथ शिव्यांना भीक घालणारा नव्हता. पुष्पावतीला येत होतं ते एकच, जमिनीत काहीतरी लावायचं आणि ते वाढवायचं. म्हणून तिनं तेच हत्यार उचललं.

चैत्रात तिनं नेहमीसारखे वाफे खणून टाकले. ढेकळं उलटी करून उन्हात तापू दिली की किडीची अंडी मरतात. उसाचं पाचट आणून कोपऱ्यात रचलं. पंकजा, अजिनाथची धाकटी पोरगी, दवाखान्यातली ड्युटी संपवून रोज संध्याकाळी यायची आणि पाटीभर माती उचलू लागायची. लहानपणापासून ती निम्मी इथंच वाढलेली. लिंबोणी तोडली त्या दिवशी ती दवाखान्यात होती. बुंधा बघून तिचे डोळे भरून आले होते आणि ती म्हणाली होती, "मोठी आई, मी घरी असते तर मध्ये पडले असते गं." पुष्पावतीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला होता. साऱ्या घरात माणूस म्हणावं अशी ती एकच होती.

वैशाखात आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पुष्पावती माहेरी गेली, अकोले तालुक्यातल्या डोंगरात. भाऊ सहादेव कुंपणाची डागडुजी करत होता. कुंपणावर खाजकुयलीच्या गेल्या वर्षीच्या काही वाळक्या शेंगा लोंबत होत्या, तपकिरी, मखमल लावल्यासारख्या. सहादेव त्यांना टाळून लांबून काठीनंच झुडूप सारत होता. ते बघून पुष्पावतीला हसू आलं. शाळेत असताना एका मास्तरच्या खुर्चीवर कुणीतरी खाजकुयली भुरभुरली होती आणि मास्तर कोट, सदरा सगळं फेकत ओढ्याकडे पळाला होता. तिला तो पळणारा मास्तर आठवला, आणि त्याच्या जागी अजिनाथ दिसला.

"सहादेव, ह्याचं बी हाय का रे?"

"कशाला गं ताई? तुमच्याकडं उसाच्या रानात ह्ये कुनी वळखत पन न्हाई."

"तेच तर पाहिजे," ती म्हणाली.

भावानं खोदून विचारलं नाही. वैद्याला विकायला गोळा केलेल्या बियांच्या पिशवीतून त्यानं मूठभर काळ्या चकचकीत बिया तिच्या पदरात टाकल्या. येताना एसटीत ती त्या पदराच्या गाठीवर हात ठेवून बसली होती. शेजारच्या बाईला वाटलं असेल, म्हातारी दागिना सांभाळतेय.

ज्येष्ठात पहिली ओल झाली तसं दोडके, कारली, भोपळा, गवार सगळं लावून झालं. खाजकुयली कुठं लावायची याचा मात्र तिनं चार दिवस विचार केला. हे काम घाईचं नव्हतं. थंडीत वारं उगवतीकडून येतं आणि अजिनाथचं घर तिच्या मावळतीला. त्याच्या अंगणात भिंतीपासून दहा पावलांवर ओटा. दिवाळी झाली की अजिनाथ रोज सकाळी तिथं उघड्या अंगानं तेल चोळून ऊन खात बसतो, हे ती वीस वर्षं बघत होती. आणि भिंतीलगत तिचा गावरान आंबा, ज्याची एक फांदी थेट पलीकडे झुकलेली. तिनं बिया रात्रभर भिजवल्या, आंब्याच्या बुडाशी खड्डा घेतला, तळाला कुजलेलं खत, वर पाचट, आणि सात बिया लावल्या. पाच उगवल्या. त्यातली तिनं एकच ठेवली, बाकीच्या उपटल्या. दाटी झाली की शेंग धरत नाही.

खरं सांगायचं तर त्या वर्षी तिनं दोडक्यापेक्षा त्या वेलाचीच निगा जास्त राखली. आषाढात त्याला सुतळीनं आंब्यावर चढवला. श्रावणात बुडाशी तण येऊ दिलं नाही. पानं खाणारी अळी दिसली तर बोटांनी वेचली. जेवताना, झोपताना, देवापुढे दिवा लावताना तिच्या डोळ्यांसमोर एकच चित्र असायचं: अजिनाथ ओट्यावरून उठतो, पाठ भिंतीला घासतो, आणि "वहिनी, चुकलं, चुकलं" म्हणत अंगणभर नाचतो. देवापुढे असलं काही मनात आणू नये हे तिला कळत होतं. तरीही ती दिवा लावता लावता हसायची.

एकदा अजिनाथनंच भिंतीवरून विचारलं. "वहिनी, घेवडा औंदा लई जोरात हाय की!"

"व्हय," ती म्हणाली. "तुमच्यासाठीच लावलाय. शेंगा धरल्या की पहिल्या तुमच्याकडंच देनार."

"आमच्या वहिनी म्हंजी अन्नपूर्णा," असं अजिनाथ आत ओरडून बायकोला म्हणाला. पुष्पावती आत जाऊन पदर तोंडात धरून हसली.

भाद्रपदात वेलाला जांभळ्या फुलांचे घोस लागले. पंकजा गौरींपुढे ठेवायला फुलं मागायला आली, तेव्हा पुष्पावतीनं तिला हातही लावू दिला नाही, झेंडूची दोन पाट्या फुलं देऊन कटवलं. आश्विनात मेथी, पालक, कोथिंबीर पेरली. कार्तिकात लसणाच्या पाकळ्या टोचल्या, कांद्याची रोपं सरीवर लावली. तोवर शेंगा बोटाएवढ्या झाल्या होत्या आणि त्यांच्यावर लव यायला लागली होती. आता जवळ जायचं तर पुष्पावती नवऱ्याचा जुना पूर्ण बाह्यांचा सदरा घालायची आणि तोंडाला फडकं बांधायची. तुळशीचं लग्न झालं, आणि पंकजाचं लग्न ठरलं. श्रीरामपूरचा मुलगा, बँकेत. तारीख माघातली निघाली.

मार्गशीर्षात शेंगा पिकून तपकिरी झाल्या. पौषात खडखडीत वाळल्या. उगवतीचं वारं सुटलं. अजिनाथ नेहमीसारखा ओट्यावर उघडा बसतच होता. सगळं तिच्या हिशेबाप्रमाणं जुळून आलं. एका सकाळी, दव सुकल्यावर, तिनं सदरा घातला, तोंड बांधलं आणि लांब बांबू घेऊन ती आंब्याखाली उभी राहिली. पलीकडे अजिनाथची तेलानं चकाकणारी पाठ दिसत होती. बांबू शेंगांना टेकला, एवढ्यात पंकजा चहाचा कप घेऊन बाहेर आली आणि बापाशेजारी पायरीवर बसली. तिनं बापाच्या पाठीवर राहिलेलं तेल हातानं पुसलं. काहीतरी बोलून दोघंही हसले.

पुष्पावती दहा मिनिटं तशीच बांबू धरून उभी राहिली. पंकजा उठेना. शेवटी हात भरून आला आणि तिनं बांबू खाली ठेवला. दुसऱ्या दिवशी पाहुणे होते. तिसऱ्या दिवशी पत्रिका वाटायला माणसं जमली. तिनं मनाशी ठरवलं, लग्न होऊन जाऊ दे. पोरगी एकदा सासरी गेली की अजिनाथ आहे आणि मी आहे. शेंगा काय, शिमग्यापर्यंत दम धरतील.

लग्न मंगल कार्यालयात होणार होतं, पण हळद दारातच. आणि दारातल्या मांडवावर कापड कितीही घाला, मांडवडहाळे लागतातच. आंब्याच्या, उंबराच्या, जांभळीच्या हिरव्या डहाळ्या वाजतगाजत आणायच्या आणि मांडवावर पसरायच्या. त्यांच्या भावकीत त्यातली पहिली डहाळी थोरल्या घरची असते. पुष्पावतीला वाटलं होतं, अजिनाथ विचारायला येईल, मग आपण जांभळीची काढून देऊ, ती पलीकडच्या कोपऱ्यात आहे. आदल्या रात्रीपर्यंत तो आला नाही. आली ती भागूबाई, आणि म्हणाली, "बाई, उद्या हळदीच्या वेळंला तुमी आतल्या खोलीतच बसा बरं का. लोकं नावं ठेवत्यात." विधवेनं हळदीत पुढं येऊ नये, हे तिनं असं सांगितलं.

 सकाळी पहिल्या एसटीनं पुष्पावती राहुरीला गेली. पंकजाला द्यायची साडी तिथल्या दुकानात फॉल-बिडिंगला टाकली होती.

ती दुपारी परतली तेव्हा आंब्याची पलीकडची फांदी नव्हती. बुंध्याशी पांढरी जखम होती, आणि वेल अर्धा तुटून लोंबत होता. एकही शेंग त्यावर शिल्लक नव्हती.

काय झालं ते तिला लगेच कळलं. अजिनाथचा थोरला जावई सुनील, आणि बरोबरची चार माणसं, ती गेल्या गेल्या उसाची ट्रॉली घेऊन आली असणार. न विचारता, परत एकदा न विचारता, भिंतीवर चढून कोयत्यानं फांदी उतरवली असणार. त्या वेळी दव सुकलेलं नसतं, लव भिजून शेंगेला चिकटलेली असते, ती उडत नाही. थोडीफार लागली असेल तर ट्रॉलीत कालचा ऊस होता, उसाची कूस लागली म्हणून अंग खाजवत ते पुढं गेले असणार. इथं पाळण्यातल्या पोराला उसाची कूस ठाऊक असते, खाजकुयली कुणाला ठाऊक?

ती भिंतीपाशी गेली आणि पलीकडे बघितलं. मांडव पाचूसारखा हिरवा दिसत होता. मधोमध, पाटाच्या बरोबर वर, आंब्याच्या पानांतून तिच्या शेंगा लोंबत होत्या. सकाळचं दव केव्हाच उडालं होतं आणि दुपारपर्यंत त्या पुन्हा खडखडीत वाळल्या होत्या. खाली बायका मान वर करून कौतुक करत होत्या. "काय बाई मखमली शेंगा! शोभेला लावल्यात व्हय?" आणि त्यांच्या खाली बनियनवर अजिनाथ बसला होता, मेव्हण्या त्याला हळदीनं रंगवत होत्या, आणि तो खदाखदा हसत होता. वाऱ्याची एक झुळूक आली. अजिनाथनं मान खाजवली.

पुष्पावतीच्या अंगात असा काही आनंद भरला की तिनं भिंत घट्ट धरली. देवानंच दिलं! आपण काहीच केलं नाही. यानंच तोडलं, यानंच नेलं, यानंच डोक्यावर टांगलं. आता घरात जावं, दार लावून घ्यावं, आणि नुसतं ऐकत बसावं. उद्या कुणी विचारलंच तर म्हणता येईल, तुम्ही मला विचारलं होतं का?

तेवढ्यात आतून बायकांचा घोळका आला आणि पंकजाला घेऊन पाटाकडे निघाला. पोरीच्या अंगावर पिवळी साडी, हात उघडे, गळा उघडा. ओल्या हळदीच्या अंगावर ती लव पडली म्हणजे काय होईल, हे इतक्या माणसांत तिला एकटीलाच माहीत होतं. गप्प बसलं तर जन्मभर कुणाला कळणार नव्हतं. बोललं तर आज, आत्ता, साऱ्या भावकीला कळणार होतं की या बाईनं वर्षभर काय पोसलं.

तिला मोह झाला नाही असं नाही. पंकजा पाटापासून चार पावलांवर येईपर्यंत ती भिंतीपाशी उभीच होती.

मग ती धावली. फाटकातून, बायकांमधून, ताटं ओलांडत ती मांडवात शिरली, आणि पंकजाचं मनगट धरून तिला ओढत आत घरात घेऊन गेली. वाटेत लोंबत्या शेंगा पोरीच्या डोक्याला लागणार होत्या, त्या तिनं एकदा या हातानं, एकदा त्या हातानं बाजूला सारल्या. दोन्ही हातांना लव लागायची ती लागली.

"मोठी आई, काय झालं?" पंकजा घाबरून म्हणाली.

"तू भाईर येऊ नको. मांडव उतरेपर्यंत अजिबात येऊ नको."

बाहेर एकच गलका झाला होता. भागूबाई कपाळाला हात लावून म्हणत होती, "आवो, सांगितलं हुतं मी, आतच बसा म्हनून!" अजिनाथ पाटावरून उठला होता. त्याची मान लाल झाली होती.

"वहिनी, पोरीच्या हळदीत येऊन ह्यो काय तमाशा लावलाय?"

"वर बघू नका कुनी. डोळ्यात जाईल," पुष्पावती म्हणाली. "ती खाजकुयली हाय. सगळ्यांनी मांडवातनं भाईर व्हा."

बायका साड्या आवरत पळाल्या. सुनील सकाळपासून पोट, मान, काखा खाजवत होता, आता त्याला कारण समजलं आणि तो कालव्याच्या दिशेनं धूम पळाला. अंगणात भावकी उरली, लांब उभी.

"खाजकुयली हितं आली कुठनं?" अजिनाथ म्हणाला.

"माझ्या आंब्यावरनं आली. मी लावली हुती." तिचा आवाज सगळ्यांना ऐकू जात होता आणि तिला तो तसाच जाऊ द्यायचा होता. "जेष्ठात लावली, वर्षभर पानी घातलं, अळ्या वेचल्या. तुमच्या उघड्या पाठीसाठी. पोरीसाठी न्हाई. ती तुमी आनली, मला न इचारता, लिंबोनी तोडली तशीच."

 अजिनाथ तिच्याकडं बघत राहिला.

"एका झाडापायी?"

"व्हय. एका झाडापायी."

भावकीसमोर असं ऐकून घ्यायची अजिनाथला सवय नव्हती. ताठा त्याचा जन्माचा. "आन् शेंगाच हायती ना? मानूस तर न्हाईत खानार!" असं म्हणून तो मांडवात शिरला, आंब्याची फांदी त्यानं दोन्ही हातांनी धरली आणि हिसडा मारून खाली ओढली. सगळ्या शेंगा त्याच्या डोक्यावर, खांद्यावर, हळदीनं ओल्या पाठीवर झडल्या. फांदी त्यानं ओढत नेऊन भिंतीबाहेर फेकली. परत येईपर्यंत तो ठीक होता. मग त्यानं एकदा खांदा खाजवला, मग पोट, मग दोन्ही हातांनी बनियन फाडूनच काढलं.

पुष्पावतीनं ते पाहिलं. तिला बरं वाटलं, खोटं कशाला बोलायचं. वर्षभर मनात पाहिलेलं चित्र होतं त्यापेक्षा ते सरस होतं.

कुणीतरी पाण्याची बादली ओतली. त्यानं आग दुप्पट झाली. कुणी खोबरेल आणलं, कुणी मोबाईलवर शोधलं तर त्याच बियांच्या ताकदीच्या चूर्णाच्या जाहिराती निघाल्या. अजिनाथ खांबाला पाठ घासत होता. "वहिनी, ह्याला काय लावत्यात? तुमच्या माहेरचं हाय, तुमाला म्हाईत आसंल!"

तिला माहीत होतं. तिच्या माहेरी ते प्रत्येकाला माहीत असतं. तिचे स्वतःचे दोन्ही हात कोपरापर्यंत पेटले होते, आणि उपाय वीस पावलांवर होता. पण तिनं तो स्वतःला लावला असता तर त्यानं बघितला असता.

"सांगते," ती म्हणाली. "वाफ्याला पानी द्यायचं राहिलंय माझं. माघाचं ऊन हाय, मेथी सुकती."

ती फाटकातून आपल्या परसात गेली आणि बादली नळाखाली लावली. बादलीची कडी हाताला टोचत होती, बोटं वळत नव्हती. नळाचं पाणी हातावर उडालं की आग कोपराच्या वर चढायची. दात आवळून तिनं मेथीला पाणी घातलं, मग पालकाला, मग लसणाला. घाई केली नाही. प्रत्येक वाफ्याच्या कडेला थांबून पाणी मुरलं का ते पाहिलं. पलीकडून अजिनाथचं कण्हणं ऐकू येत होतं. तो भिंतीला येऊन टेकला होता, आणि भिंतीच्या डोक्यावर त्याचा सुजलेला लाल चेहरा दिसत होता.

"वहिनी, जीव जातोय."

तिनं कांद्याच्या सरीत बादली उपडी केली. "न्हाई जात. मास्तरचा पन न्हाई गेला."

"कोन मास्तर? आवो, सांगा की!"

ती चौथी बादली भरायला गेली. हात इतके जळत होते की डोळ्यांतून पाणी आलं. ते त्याला दिसू नये म्हणून ती पाठमोरी उभी राहिली. अजून थोडा वेळ गेला असता तर तिनंच हार मानली असती, हे तिला कळत होतं. आणि तेव्हाच मागून आवाज आला, अगदी बारीक.

"लिंबोनी तोडायला नको हुती, वहिनी. चुकलं माझं."

पुष्पावतीनं नळ बंद केला. मांडवाबाहेर सारी भावकी उभी होती, भागूबाई होती, खिडकीत पंकजा होती.

"पान्याच्या आवाजात ऐकू न्हाई आलं, भाऊजी."

"चुकलं!" अजिनाथ ओरडला. एवढ्या जोरात ओरडला की गल्लीतली कुत्री भुंकायला लागली. "चुकलं माझं! इचारायला पायजे हुतं! लिंबोनीचंबी आन् आंब्याचंबी!"

"शेन," पुष्पावती म्हणाली. "ताजं शेन चोळायचं, वाळू द्यायचं, मग खरवडून काढायचं. तुमच्याच गोठ्यात हाय."

अजिनाथ गोठ्याकडं पळाला. ती मागोमाग निघाली, कारण तिच्याकडं गाय नव्हती आणि शेण घ्यायला दिराच्याच दारात जावं लागणार होतं, पण पळाली नाही. तो गाईच्या पायाशी बसून मुठी भरभरून अंगाला फासत होता. ती समोर उभी राहिली आणि तिनं आपले दोन्ही हात पुढं केले. तिचेही हात कोपरापर्यंत लाल, सुजलेले बघून अजिनाथचं तोंड उघडंच राहिलं. इतका वेळ ती बादल्या उचलत होती ते त्यानं पाहिलं होतं.

"तुमालाबी लागलं हुतं?"

"पहिल्यापासनं," ती म्हणाली. "सरका जरा, मला घेऊ द्या."